मदत हवी आहे: सिंचन आणि पूरनियंत्रण एकाच धरणात, पावसाळ्यात पातळी कुठे ठेवायची?

नमस्कार मंडळी. जलसंपदा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून एका नियोजित धरणाचं जलनियोजन करतो आहे. उद्देश दोन: लाभक्षेत्राला पाणी आणि खालच्या शहराचं पुरापासून संरक्षण. दोन्ही हिशेब वेगवेगळे मांडले की जमतात, एकत्र केले की फिसकटतात.

उपयुक्त साठा २४० दलघमी (दशलक्ष घनमीटर). पावसाळ्यानंतरची गरज बाष्पीभवन धरून २१०. येवा (धरणात येणारं पाणी) भरपूर आहे, तिथे अडचण नाही. शहरातलं नदीपात्र ९०० क्युमेकपर्यंत (सेकंदाला घनमीटर) सुरक्षित. संरक्षणासाठी धरलेला पूर २६०० क्युमेक शिखराचा, ४८ तासांचा. जलालेख (पुराचा विसर्ग वेळेनुसार दाखवणारा आलेख) त्रिकोणी धरला तर ९०० च्या वरचं पाणी ९६ दलघमी भरतं, म्हणजे तेवढी जागा रिकामी हवी. ती पावसाळाभर रिकामी ठेवली तर शेवटी हातात १४४ उरतात. सिंचनाला थेट ६६ कमी.

मार्गदर्शक म्हणतात, पावसाचा अंदाज आला की आधीच सोडा. तेही करून पाहिलं. चालू येवा ३०० असेल तर पात्रात जादा ६०० क्युमेकच मावतात. १२ तासांत जागा होते जेमतेम २६ दलघमी. ९६ साठी ४५ तास लागतील, आणि अंदाज चुकला तर ते पाणी गेलंच.

धरण भरलं नाही तर टेलच्या (कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या) शेतकऱ्याचं रब्बीचं आवर्तन जातं, भरून बसलं तर पूररेषेतली घरं जातात. यातलं कोणाचंच नुकसान मला आकड्यांत दडवायचं नाहीये. पूर्ण संचय पातळी (नेहमीच्या साठ्याची वरची मर्यादा) आणि महत्तम जलपातळी (मोठ्या पुरात पाणी जास्तीत जास्त चढेल ती पातळी) यांमधली जागा पूरसाठ्यात धरून सुटका होईल का? की वेगळा मार्ग आहे?

प्रतिसाद १

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, ती जागा धरू नका. ती धरणाच्या स्वतःच्या सुरक्षिततेची आहे. एकूण साठा ६० दलघमीच्या वर असल्याने भारतीय मानकानुसार तुमचा सांडवा (पुराचं जादा पाणी सोडायची वाट) महत्तम संभाव्य पुरासाठी लागेल, आणि तो पूर २६०० पेक्षा कितीतरी मोठा निघेल. १९७९ साली गुजरातमधल्या मच्छू-२ धरणावर येव्याने सांडव्याची क्षमता ओलांडली, मातीचा बांध वाहून गेला आणि मोरबी शहर बुडालं. तिथे काटकसर नको.

तुमची गाडी अडते आहे कारण ९६ हा आकडा तुम्ही सगळ्या पावसाळ्याला सारखाच लावला आहे. रूल कर्व्ह (कधी किती पातळी ठेवायची याचा आलेख) तारखेगणिक काढा. पंधरवड्यांचे दोन तक्ते करा. पहिल्यात, त्या पंधरवड्यात येऊ शकणाऱ्या पुरासाठी किती जागा हवी. दुसऱ्यात, त्या तारखेपासून हंगाम संपेपर्यंत ७५ टक्के विश्वासार्हतेने (चारपैकी तीन वर्षांत मिळेल इतका) अजून किती येवा यायचा आहे. २१० मधून हा उरलेला येवा वजा केला की त्या दिवशी धरणात किमान किती पाणी हवं ते कळतं. २४० पर्यंतची बाकीची जागा तुम्ही बिनघोर रिकामी ठेवू शकता. हंगामाच्या सुरुवातीला ही मोकळीक भरपूर असते, संघर्ष उरतो तो शेवटच्या काही पंधरवड्यांत. निर्णय तेवढ्यापुरताच घ्यायचा असतो.

सांडव्याचा माथा (ज्या कडेवरून पाणी वाहतं ती) किती पातळीला आहे, तेही बघा. पूरसाठ्याचा तळ माथ्याखाली असेल तर दरवाजे असून उपयोग नाही, तेवढं पाणी फक्त विमोचकातून (धरणाच्या खालच्या भागातला पाणी सोडायचा मार्ग) निघेल. माथ्यावर पाण्याची उंची निम्मी झाली की पूर्ण उघड्या दरवाज्यांचाही विसर्ग ३५ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे तुमचे ४५ तास आणखी लांबतील.

शिवाय फुगवट्याखालची (धरणामागे पसरणाऱ्या पाण्याखाली जाणारी) सगळी जमीन खरंच संपादित होणार आहे ना? दामोदर खोऱ्यात मैथन आणि पंचेत धरणांना वरच्या पातळ्यांपर्यंतची जमीन पूर्ण हाती आली नाही, त्यामुळे आराखड्यातला सगळा पूरसाठा कधी वापरताच आला नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. रात्री तक्ते करून पाहिले. संघर्ष फक्त सप्टेंबरच्या दोन पंधरवड्यांत उरतो, पहिल्यात १८ दलघमीचा आणि दुसऱ्यात ४१ चा. माथा मात्र पूरसाठ्याच्या तळापेक्षा वर निघाला, तो खाली घेऊन सांडवा परत मांडतो आहे.

एक शंका. धरणाच्या खाली, शहराच्या अलीकडे एक उपनदी मिळते, तिच्यावर धरण नाही. ९०० क्युमेक तिच्यासकट धरायचे की वगळून?

प्रतिसाद २

तिच्यासकट. एकाच पावसात दोन्ही पाणलोट भिजतात, म्हणून उपनदीचा त्याच वादळातला पूर काढा आणि धरणापासून संगमापर्यंत पाणी पोचायला लागणारा वेळ धरून दोन्ही जलालेख एकमेकांवर बसवा. समजा शिखराच्या वेळी ती २५० क्युमेक आणते, तर धरणातून ६५० च सोडता येतील आणि तुमचे ९६ दलघमी १२६ वर जातील. पंधरवड्यांचा पहिला तक्ता या आकड्याने पुन्हा करा. सप्टेंबरची तूट वाढली तर जलाशय मोठा करण्याआधी शहरातल्या पात्राची वहनक्षमता वाढवता येते का ते तपासा. पात्र ९०० ऐवजी ११०० घेऊ शकलं, तर धरणातून ८५० सोडता येतील आणि गरज १०२ वर येईल.