संडे स्कूल: इफ्ताहच्या मुलीची गोष्ट शिकवावी की सोडावी?

रविवारची शिक्षिका:
सातवी-आठवीच्या मुलांना शिकवते. बायबलमधलं शास्ते (इस्राएलच्या पुढाऱ्यांचं पुस्तक) चालू आहे. दबोरा, गिदोन झाले, आता 11वा अध्याय. शत्रू अम्मोन्यांवर जय मिळाला तर घरातून जे सामोरं येईल त्याचं होमार्पण करीन, म्हणजे बळी देऊन जाळीन, असा इस्राएलचा पुढारी इफ्ताह याचा नवस. आणि डफ वाजवत, नाचत येते ती त्याची एकुलती एक लेक. सोबतचे शिक्षक म्हणतात, थेट शमशोनावर जा. पण मुलं पुढचं पान उलटतातच. एकीने विचारलंच, "इसहाकाला देवाने वाचवलं, मग हिला का नाही?" काय सांगू?

निवृत्त मास्तर:
ताई, सोडू नका. त्या मुलीचा प्रश्न हाच तुमचा पाठ. उत्पत्ती 22 आणि शास्ते 11 दोन्ही उघडायला लावा आणि विचारा, देव कुठे बोलतो? मोरिया डोंगरावर मुलगा इसहाकाचा बळी देणाऱ्या अब्राहामाला दूत हाक मारून थांबवतो. इफ्ताहच्या गावी, मिस्पात, मुलीचा बळी देवाने मागितलेलाच नाही. नवस इफ्ताहचा, तो फेडायचा हट्टही त्याचाच. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं 12:31 वाचा, पोटची पोरं जाळणं परमेश्वराला किती तिटकाऱ्याचं आहे ते तिथे स्पष्ट आहे. मग शास्ते 11 मधलं 35वं वचन मोठ्याने वाचून घ्या. बाप कपडे फाडतो आणि दोष देतो तिलाच! मुलांना हे बरोबर खटकतं. खटकू द्या, सारवासारव करू नका.

गिलादकर:
पण नव्या करारातल्या इब्री 11:32 मध्ये इफ्ताह विश्वासवीरांच्या यादीत आहे. मुलं तेही काढतील.

निवृत्त मास्तर:
काढू देत. यहुदी गुरूही या गोष्टीशी झगडले. मध्ययुगातल्या दावीद किम्हींच्या मते ती मारली गेली नाही, एकटी राहिली. जुन्या मिद्राशात (यहुदी गुरूंच्या शास्त्रटीकेत) तर इफ्ताह आणि याजक फिनहास दोघांनाही दोष आहे: नवस सोडवता आला असता, पण आधी कोणी कोणाकडे जायचं या मानापानात मुलगी गेली. हे मुलांना जरूर सांगा, आपल्याकडे मानापान काय असतं ते त्यांना घरोघरी दिसतं.

दोन लेकींची आई:
इफ्ताहच्या मुलीने नवस फेडण्याआधी बापाकडे मागून घेतलेले दोन महिने विसरू नका. मैत्रिणींबरोबर ती डोंगरात जाते, आणि पुढे इस्राएलच्या मुली दरवर्षी चार दिवस तिच्यासाठी शोक करतात. वर्गात मुलींना यावर बोलू द्या. पाचवीच्या आतल्या मुलांना मात्र ही गोष्ट नको, रात्री झोपत नाहीत.