सेंटओएस ७ काढायचंय, त्याजागी काय टाकू? (अंबड, छोटं युनिट, बजेट ६० हजार)

अंबड_प्लॉटवाला
नमस्कार मंडळी. आमचं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत प्रेस पार्ट्सचं युनिट आहे. ऑफिस, स्टोअर, क्वालिटी धरून वीस-बावीस कॉम्प्युटर आणि एक जुना टॉवर सर्व्हर, झिऑन ई५ व्ही२, रॅम ६४ जीबी. त्यावर सेंटओएस ७ चालू आहे (रेड हॅट कंपनीच्या लिनक्सची फुकट जुळी), बसवून देणारा केव्हाच पुण्याला गेला. वर जॉब कार्डचं एक जावा अ‍ॅप टॉमकॅटवर (जावा अ‍ॅप चालवणारा प्रोग्राम), त्याचा डेटाबेस पोस्टग्रेस, आणि डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगवेगळ्या बंदिस्त कंटेनरमध्ये चालवणारं सॉफ्टवेअर) ईआरपीनेक्स्ट, म्हणजे कंपनीच्या कामकाजाचं सॉफ्टवेअर. टॅली वेगळ्या विंडोज मशीनवर आहे, त्याचा इथे संबंध नाही.
आता मोठ्या गिऱ्हाईकाचा सप्लायर ऑडिटचा फॉर्म आलाय, त्यात सपोर्ट संपलेली ऑपरेटिंग सिस्टीम आहे का असं सरळ विचारलंय आणि सेंटओएस ७ चा सपोर्ट तर ३० जून २०२४ लाच संपला. यम अपडेट (अपडेट उतरवायची कमांड) मारलं की आता मिररलिस्टच, म्हणजे अपडेट देणाऱ्या सर्व्हरची यादीच, सापडत नाही म्हणतं. शेठ म्हणाले ६० हजारात बसव, नवीन सर्व्हर मागायचा नाही. आयटी म्हणजे मी एकटा, तेही परचेस सांभाळून.
लिनक्स कुठली टाकू, अल्मा, रॉकी, डेबियन की उबंटू? आणि कंटेनरला डॉकरच ठेवू की पॉडमन, की कुबरनेटिस (अनेक मशीनवर कंटेनर सांभाळणारी यंत्रणा) शिकून घेऊ? वापरणाऱ्यांनीच सांगा प्लीज.

गंगापूररोड७७
आधी सर्व्हर बदला. ई५ व्ही२ म्हणजे २०१३ चा माल, त्यावर काय काय बसवणार. आम्ही नवीन घेतला, दोन प्रोसेसर, सगळ्या एनव्हीएमई डिस्क, सव्वातीन लाख गेले पण आता रिपोर्ट बटण दाबायच्या आत येतो. शेठला समजावून सांगा, मशीनला पैसे घालतात तसे इथे घालायचे.

स्थिर_पाणी
डेबियन. डोळे झाकून डेबियन. कंपनीची मालकी नाही, उद्या कोणी विकत घेतली आणि धोरण बदललं ही भानगड नाही. ऑगस्ट २०२५ ला १३ आलीये, ट्रिक्सी, तीच टाका. माझ्याकडे पंचवटीतल्या एका गोडाऊनचा सर्व्हर आवृत्ती ९ पासून जागच्या जागी अपग्रेड होत आलाय, एकदाही फॉरमॅट नाही. सेंटओएसवाल्यांचं २०२० मध्ये काय झालं आठवतंय ना? ८ चा सपोर्ट २०२९ पर्यंत म्हणून सांगितलेला, आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केलं की २०२१ च्या शेवटी बंद.

सातपूर_सिसअ‍ॅडमिन
डेबियन चांगलीच आहे, पण या दादांचं सगळं डोकं यम, सिस्टीमसीटीएल, फायरवॉलडी, एसईलिनक्स या रेड हॅट पद्धतीच्या टूल्समध्ये बसलंय. एकटा माणूस, परचेस सांभाळून. त्याला आता एपीटी (डेबियनचं यम) आणि कॉन्फिगच्या नवीन जागा शिकवत बसायचं का? अल्मालिनक्स ९ घ्या. २०३२ पर्यंत सिक्युरिटी अपडेट आहेत, ऑडिटवाल्याला तारीख दाखवली की विषय संपला. आमच्याकडे चार मशीन त्यावर आहेत, कधी त्रास नाही.
अल्माचं एलिव्हेट नावाचं टूल आहे, ते सेंटओएस ७ ला जागच्या जागी पुढच्या आवृत्तीवर नेतं. पण खरं सांगू का, ७ वरून ८ आणि मग ९ अशा दोन उड्या, मध्ये बाहेरच्या रेपोची पॅकेजेस असली की अडकतं. नवीन डिस्कवर कोरं इन्स्टॉल करून डेटा आणलेला बरा.

बाल्बोआ_नाशिकरोड
अल्मा का? रॉकी घ्या ना. सेंटओएस सुरू करणाऱ्यांपैकीच एक, ग्रेगरी कुर्ट्झर, त्यांनी उभी केलेली आहे आणि ती रेड हॅटशी तंतोतंत जुळते, बगसकट. अल्माने २०२३ मध्ये ते सोडून दिलं.

सातपूर_सिसअ‍ॅडमिन
सोडून दिलं म्हणजे काय? जून २०२३ मध्ये रेड हॅटने सोर्स फक्त सेंटओएस स्ट्रीमपुरता उघडा ठेवला, त्यावर अल्माने एबीआय जुळवून ठेवायचं ठरवलं. म्हणजे रेड हॅटवर चालणारं सॉफ्टवेअर इथे चालणार. बग तंतोतंत जुळले नाहीत म्हणून कोण रडतंय? उलट त्यांना एखादा फिक्स आधी देता येतो.

बाल्बोआ_नाशिकरोड
व्हेंडरचा सपोर्ट तिकीट टाकलं की मग कळतं कोण रडतंय.

क्लस्टरसम्राट
तुम्ही लोक अजून एका सर्व्हरवर भांडताय. ओएस कुठलीही घ्या, खरा प्रश्न ऑर्केस्ट्रेशनचा, म्हणजे कंटेनर आपोआप सांभाळण्याचा आहे. कुबरनेटिस शिका. आमच्याकडे हिंजवडीत ओपनशिफ्ट (रेड हॅटचं कुबरनेटिस) आहे, नोड म्हणजे एखादं मशीन मेलं तर त्यावरचा पॉड (कंटेनरचा गठ्ठा) आपोआप दुसरीकडे उठतो, कोणाला झोपेतून उठवावं लागत नाही. बजेट कमी असेल तर ओकेडी घ्या, त्याचीच कम्युनिटी आवृत्ती आहे, फुकट.

सिन्नरची_स्वाती
क्लस्टरसम्राट दादा, ओपनशिफ्टचं नेहमीचं क्लस्टर उभं करायचं तर कंट्रोल प्लेनला, म्हणजे क्लस्टर चालवणाऱ्या भागालाच तीन मशीन लागतात, प्रत्येकी १६ जीबी रॅम, आणि हे तुमचं स्वतःचं काम सुरू व्हायच्या आधी. यांच्याकडे मशीन एक. नोड मेला तर पॉड जाणार कुठे, टॅलीच्या विंडोजवर? आणि कुबरनेटिसची एकेक आवृत्ती साधारण १४ महिने सपोर्टेड असते, म्हणजे दरवर्षी अपग्रेड आलंच. परचेस कोण बघणार मग?
अगदीच हौस असेल तर के३एस (छोटं कुबरनेटिस), एका बायनरीत सगळं येतं आणि एका नोडवर एसक्यूलाइटवर चालतं. पण कंपोझ फाइलने (डॉकरला कुठले कंटेनर चालवायचे ते सांगणारी फाइल) जे चालतंय त्याला हे कशाला.
प्लॉटवाले दादा, तुमच्यासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे जे वर कोणी बोललं नाही. तुमचा प्रोसेसर व्ही२ म्हणजे आयव्ही ब्रिज, त्यात एव्हीएक्स२ (नव्या प्रोसेसरमधल्या सूचनांचा संच) नाही. रेड हॅट १० आणि रॉकी १० ला एक्स८६-६४ व्ही३ (प्रोसेसरची किमान पातळी, त्यात एव्हीएक्स२ येतं) लागतं, म्हणजे तुमच्या सर्व्हरवर चालणारच नाही. अल्माने १० ची एक्स८६-६४ व्ही२ पातळीची, म्हणजे तुमच्याकडे चालेल अशी वेगळी बिल्ड ठेवली आहे. ९ घेतलीत तर कुठलीही चालेल. उत्साहात सगळ्यात नवीन आयएसओ उतरवून रविवारी बसू नका.

गंगापूररोड७७
मी पहिल्यांदाच म्हणालो होतो, सर्व्हर बदला.

सिन्नरची_स्वाती
६० हजारात सांगा ना मग कुठला.

इंदिरानगर_देवऑप्स
स्वातीताईंना अनुमोदन. मी डॉकरबद्दल एक सांगतो कारण आमच्या एका क्लायंटकडे हे झालंय, करून देणाऱ्याने उबंटूवर यूएफडब्ल्यू (फायरवॉल) लावला, सगळे पोर्ट बंद, खुश. पण कंपोझमध्ये पोस्टग्रेसचं पोर्ट ५४३२:५४३२ असं लिहिलेलं. डॉकर आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या आतल्या फायरवॉलमध्ये स्वतःचे नियम टाकतो, ते यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून जातात, त्यामुळे डेटाबेस सरळ इंटरनेटवर उघडा आणि यूएफडब्ल्यू स्टेटसमध्ये सगळं बंद दिसतंय. लॉगमध्ये पासवर्ड आजमावणाऱ्यांची रांग लागली तेव्हा कळलं. १२७.०.०.१:५४३२:५४३२ असं लिहा, नाहीतर पोर्ट बाहेर काढूच नका, कंटेनर आपसात नेटवर्कवर बोलतात.
दुसरं, डॉकरचा लॉग मुळात जेसॉन फाइलमध्ये जातो आणि त्याला मर्यादा नसते. ईआरपीचा वर्कर रात्रभर एरर ओकत बसला की सकाळी डिस्क फुल. डीमन जेसॉनमध्ये (डॉकरच्या सेटिंगची फाइल) मॅक्स साइझ, मॅक्स फाइल टाका, आणि कंटेनर नव्याने बनवा, जुन्यांना ते लागू होत नाही.

सातपूर_सिसअ‍ॅडमिन
म्हणूनच अल्मा आणि पॉडमन. सतत मागे चालणारा डीमनच नाही, रूटशिवाय चालतं, सिस्टीमडीतून सर्व्हिससारखं उठतं. फक्त व्हॉल्यूमच्या (कंटेनरला जोडलेल्या फोल्डरच्या) शेवटी :झेड लावायला विसरू नका, नाहीतर एसईलिनक्स परवानगी नाकारतं आणि लोक रागाने एसईलिनक्सच बंद करतात.

इंदिरानगर_देवऑप्स
पण ईआरपीनेक्स्टच्या कंटेनरचं सगळं कागदपत्र डॉकर कंपोझ धरून लिहिलंय. काही अडलं की हा माणूस गुगल करणार आणि उत्तर डॉकरचं मिळणार. एकट्याने पॉडमनशी झुंजण्यात काय अर्थ आहे?

अंबड_प्लॉटवाला
डॉकर आता पैसे मागतो असं ऐकलं, ते खरं का?

इंदिरानगर_देवऑप्स
ते डॉकर डेस्कटॉप, २५० हून जास्त माणसं किंवा वर्षाला १ कोटी डॉलरहून जास्त उलाढाल असेल तर. लिनक्स सर्व्हरवरचं डॉकर इंजिन फुकटच आहे, ओपन सोर्स. तुमच्या शेठची उलाढाल तेवढी असेल तर ६० हजारात का बसवताय, हा माझा प्रश्न आहे.

बाल्बोआ_नाशिकरोड
लॉग छाटायच्या आधी ऑडिटवाल्याला विचारा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, लॉग १८० दिवस ठेवायचे. दहा एमबीच्या तीन फाइलींत १८० दिवस मावत नाहीत.

इंदिरानगर_देवऑप्स
बरोबर आहे हे. मग लॉग जर्नलडीकडे (लिनक्सची स्वतःची लॉग साठवणारी सेवा) वळवा, तिथून वेगळ्या डिस्कवर. कंटेनरच्या आत इतिहास साठवायचा नसतोच.

स्थिर_पाणी
डेबियनमध्येही जर्नलडी आहे बरं का.

ढगफुटी
हे सगळं क्लाउडवर टाकून मोकळे व्हा. की नको टाकू? आमचं टाकलं होतं, पहिले काही महिने बिल बघून शेठने पाठ थोपटली, मग कोणीतरी जुने स्नॅपशॉट काढायचे विसरला आणि डेटा बाहेर काढायचेही पैसे लागतात हे तेव्हा समजलं. आता परत ऑफिसात आणलंय. कुंभमेळ्याच्या कामांनी रस्ते खोदले की फायबर तुटतो, मग क्लाउडवरचं जॉब कार्ड शॉप फ्लोअरला दिसत नाही, सुपरवायझर कागदावर लिहितो. थोडक्यात टाका किंवा टाकू नका.

स्क्रू_ड्रायव्हर
ओएस वगैरे सगळं ठीक पण यूपीएसचं काय? अंबडला शनिवारी लाईट जाते हे सगळ्यांना माहीत आहे. सुट्टीच्या दिवशी कोणी नसतं, बॅटरी संपते, सर्व्हर धाडकन पडतो, आणि सोमवारी मारियाडीबी (ईआरपीनेक्स्टचा डेटाबेस) उठत नाही. तेव्हा अल्मा असो की कल्मा. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला लावा आणि एनयूटी टाका, ओपन सोर्स आहे, बॅटरी खाली आली की सर्व्हर स्वतः नीट बंद होतो. ती केबल बहुतेकांकडे खोक्यातच पडलेली असते.

गंगापूररोड७७
आमच्याकडे ऑनलाइन यूपीएस आहे, दहा केव्हीए.

स्क्रू_ड्रायव्हर
माहीत आहे भाऊ.

सिन्नरची_स्वाती
बॅकअप कुठे जातो दादा? आणि त्यातून परत उभं करून बघितलंय का कधी? माझं मत, आत्ताच्या सेंटओएसची डिस्क काढून ठेवा, तिला हातच लावू नका. नवीन एसएसडी दोन घ्या, रेड-१ करा (दोन्हींवर तीच प्रत), त्यावर कोरं इन्स्टॉल. पोस्टग्रेस पीजी-डंपने काढा, डेटाबेसचा फोल्डर नुसता कॉपी करू नका, आवृत्ती बदलली की तो उघडत नाही. जावा अ‍ॅप जुनं असेल तर त्याची जावा आवृत्ती आधी बघा, तिथेच खरा वेळ जाईल.

अंबड_प्लॉटवाला
सगळ्यांचे आभार, विशेषतः स्वातीताई आणि देवऑप्स सर. ठरलं.
ऑरॅकल लिनक्स ९ टाकतोय. तुमच्यापैकी कोणीच हे नाव घेतलं नाही मला माहीत आहे. पण क्वालिटीला सीएमएमच्या (पार्ट मोजायच्या मशीनच्या) रिपोर्टचं नवीन सॉफ्टवेअर येतंय, त्याच्या व्हेंडरने लेखी दिलंय की रेड हॅट किंवा ऑरॅकल ९ असेल तरच सपोर्ट, बाकी नाही. रेड हॅटचं सबस्क्रिप्शन दरवर्षी शेठ देणार नाहीत. ऑरॅकलची फुकट उतरवता येते, अपडेटही फुकट, सपोर्ट हवा तरच पैसे. आणि व्ही२ प्रोसेसरवर चालते, ते टेस्ट डिस्कवर लावून बघितलं. डॉकरच ठेवतोय. जावा अ‍ॅप कंटेनरमध्ये घालणार नाही, आहे तसं टॉमकॅटवर, कारण ते लिहिणारा माणूस फोन उचलत नाही.
बजेटमधून दोन एसएसडी, एक बाहेरची बॅकअप डिस्क, आणि उरलेल्यात यूपीएसच्या बॅटऱ्या. केबल खोक्यातच होती.

स्थिर_पाणी
ऑरॅकल?? डेबियन नको आणि ऑरॅकल चालेल? कंपनीच्या मालकीचं एवढं सांगून?

बाल्बोआ_नाशिकरोड
व्हेंडरच्या तिकिटाचं मी म्हणालोच होतो. फक्त रॉकी म्हणालो होतो.

सातपूर_सिसअ‍ॅडमिन
आतून अल्माच आहे ती, रेड हॅटचीच सगळी भावंडं. बूट करताना यूईके हा ऑरॅकलचा स्वतःचा कर्नल निवडलेला असेल, व्हेंडर रेड हॅटवालाच मागत असेल तर ग्रबी टूलने बदला, दोन्ही येतात. पण मी अल्माच म्हणेन.

क्लस्टरसम्राट
पुढच्या वर्षी परत धागा काढाल, के३एसचा.

स्क्रू_ड्रायव्हर
बॅटऱ्या कुठून घेतल्या आणि जुन्यांचे किती आले? मला नाशिकच्या द्वारकाजवळ एक जण फारच कमी सांगतोय.