मुंबई–लंडन: 7,200 किमीला दहा तास का?

प्रश्न: अंतर 7,200 किमी, विमानाचा वेग ताशी 900. मग आठच तास व्हायला हवेत. तिकिटावर दहा का? आणि येताना नऊच कसे?

प्रतिसाद 1: 7,200 हे पृथ्वीच्या गोलाईवरचं सर्वांत कमी अंतर. ती रेषा थेट क्रिमिया, ओडेसावरून जाते आणि युक्रेनचं आकाश 2022 पासून बंद आहे. म्हणजे वळसा आलाच. शिवाय 900 हा हवेतला वेग. जाताना समोरून ताशी 100 किमीचा वारा असला की जमिनीवरून 800च भरतात. येताना तोच वारा पाठीशी, म्हणून तासभर वाचतो. हिवाळ्यात फरक जास्तच.

प्रतिसाद 2: तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते. धावपट्टीपर्यंतची रांग, हीथ्रोवरच्या घिरट्या, सगळं त्यात धरलेलं.

घड्याळाचा घोळ मात्र सांभाळा. हिवाळ्यात लंडन साडेपाच तास मागे, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. जानेवारीत मुंबईहून दुपारी 1ला निघालात तर दहा तासांनी तिथे संध्याकाळचे 5:30, जुलैत 6:30. पुढची ट्रेन आधीच काढणारे इथेच फसतात.

प्रश्नकर्ता: म्हणजे जुलैत 6:30ला उतरून 8ची ट्रेन?

प्रतिसाद 2: नको. इमिग्रेशन, सामान धरून तीन तास सोडा.