मदत हवी आहे : सेझारिया एव्होराच्या गाण्यांचे बोल

मंडळी, आमच्या गप्पांच्या कट्ट्यावर मला पुढच्या महिन्यात केप व्हर्दे या पश्चिम आफ्रिकेजवळच्या बेटांच्या देशातल्या गायिका सेझारिया एव्होराबद्दल अर्धा तास बोलायचंय. आयुष्याचा भाग जमलाय. १९४१ साली मिंदेलो बंदरात जन्म, लहानपणीच वडील गेले, काही काळ अनाथाश्रमात, मग खलाशांच्या गुत्त्यांत गाणं. १९७५ला देश पोर्तुगालपासून स्वतंत्र झाला आणि त्यानंतर बाईंचं गाणं जवळजवळ दहा वर्षं बंद! पुढे पॅरिसमध्ये १९८८ला पहिला अल्बम निघाला, तेव्हा वय सत्तेचाळीस. २००४ला ग्रॅमी. मंचावर कायम अनवाणी. मैफल चालू असताना ती वादकांवर सोडून टेबलाशी बसायच्या, निवांत सिगारेट ओढायच्या. हे दृश्य मी दहादा तरी पाहिलं असेल.

अडलंय ते बोलांपाशी. ‘सोदाद’ हे गाणं साओ तोमे या आफ्रिकेजवळच्या दुसऱ्या बेटावरच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्यांच्या वाटेचं आहे, एवढं कळतं. पण केप व्हर्देची क्रिओल ही मिश्र बोली पोर्तुगीजमधून आलेली असली तरी शब्दकोश घेऊन बसलं की निम्मे शब्द सापडतच नाहीत. गोव्यातल्या कुणाला, किंवा लिस्बनकडे राहिलेल्या कुणाला, ही क्रिओल कळते का? दोन कडव्यांचा ओळीगणिक अर्थ मिळाला तरी पुरे.

आणि ‘सोदाद’ला मराठीत काय म्हणाल? ‘विरह’ मला फार नाटकी वाटतो, ‘हुरहुर’ जवळचा वाटतो. गोव्याची मांडो गाणी ऐकत वाढलेल्यांना याहून नेमका शब्द सुचतोय का?