रविवारच्या इफ्तारचा स्ट्यू : कौटुंबिक गटावरील चर्चा

हुस्ना फुफी (लेस्टर): अस्सलामु अलैकुम. गेल्या रविवारी शबानाच्या घरी झालेल्या इफ्तारबद्दल लिहावे की लिहू नये, याचा मी बराच विचार केला. स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात) केलेला स्ट्यू चविष्ट होता, त्याबद्दल तक्रार नाही, आणि कोणाचे मन दुखवण्याचा हेतू तर मुळीच नाही. परंतु भांडी आवरताना ओट्यावर रेड वाइन व्हिनेगरची अर्धी संपलेली बाटली आणि बीफ स्टॉक क्यूबचे रिकामे वेष्टन माझ्या नजरेस पडले. आपण कशाने पोट भरले, हे रोजेदाराला आधी कळायला हवे की नको? ज्यांना त्या ईदचा जिलेटिनचा (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या पदार्थाचा) प्रकार आठवतो, त्यांना मी काय म्हणते आहे ते वेगळे सांगायला नको.

शबाना (बर्मिंगहॅम): वालैकुम अस्सलाम, फुफी. मांस आपल्या नेहमीच्या दुकानातले होते आणि एचएमसीचे (हलाल मॉनिटरिंग कमिटीचे) प्रमाणपत्र त्या दुकानाच्या दर्शनी भागात लावलेले आहे. स्टॉक क्यूबही तिथलाच होता; वेष्टन उलटून पाहिले असते तर हलालचा शिक्काही दिसला असता. व्हिनेगर मी दोन चमचे घातले होते, कारण मूळ इंग्रजी कृतीत वाइन होती आणि तिच्या जागी काहीतरी आंबट हवे होते. जिलेटिनचा तो ट्रायफल माझ्या घरून आला नव्हता, एवढे एकदा सर्वांनी कृपया लक्षात घ्यावे.

रफिक चाचा (लेस्टर): स्लो कुकर चालू असताना झाकण उघडू नये. एकदा उघडले की साचलेली उष्णता निघून जाते आणि शिजण्याचा वेळ वीस ते तीस मिनिटांनी वाढतो.

यासीन (बर्मिंगहॅम): चाचा, सध्या विषय बाटलीचा चालू आहे.

रफिक चाचा: बाटलीलाही झाकण असते, आणि तेही उघडायला नको होते.

मास्टर चाचा (महाड): सर्वांना सलाम. गटाचा नियम पुन्हा सांगतो : शुद्ध मराठीत आणि पूर्ण वाक्यांत लिहावे. यासीन आणि शबाना यांनी एकाच घरात बसून गटावर एकमेकांच्या संदेशांना अंगठे दाखवू नयेत. आता मुद्द्याकडे येतो. आपण कोकणी मुसलमान शाफई, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या शाफई परंपरेचे, आहोत. शाफई मतानुसार शराब काहीही न घालता आपोआप आंबून तिचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, झाला तर तो पाक मानला जातो. मात्र त्यात मुद्दाम काही मिसळून सिरका केला असेल तर तो पाक ठरत नाही. कारखान्यात तयार झालेल्या बाटलीबाबत हे ठरवणे आपल्या हातात नसते, म्हणून हुस्नाची शंका अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही.

इम्रान दूल्हाभाई (लेस्टर): चाचांचा पूर्ण आदर ठेवून नमूद करतो की, आम्ही परभणीकडचे हनफी आहोत आणि आमच्याकडे दोन्ही प्रकारचा सिरका जायज मानला जातो, कारण पदार्थाचे मूळ रूपच बदललेले असते. अम्मींनी माझ्या ताटातला स्ट्यू मात्र अर्धा काढून ठेवायला लावला होता.

हुस्ना फुफी: इम्रानमियाँ, तुम्हाला डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आहे म्हणून मी तो काढला होता. फिकहचा (धर्मशास्त्राचा) विषय भाईजानकडे राहू द्या.

झोया (मँचेस्टर): मला एक प्रामाणिक शंका आहे. माझ्या वसतिगृहातल्या मैत्रिणी म्हणतात की वाइन घातली तरी शिजताना तिच्यातला अल्कोहोल उडूनच जातो. मग मुळात एवढी चर्चा कशासाठी?

यासीन: उडून जातो, हा सर्वांत लोकप्रिय गैरसमज आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रसिद्ध तक्त्यानुसार पदार्थात मिसळून पंधरा मिनिटे शिजवल्यावर सुमारे ४० टक्के अल्कोहोल उरतो, तासाभराने २५ टक्के आणि अडीच तासांनीही ५ टक्के. हे आकडे साध्या शिजवण्याचे आहेत. स्लो कुकरचे झाकण घट्ट असते आणि वाफ पाणी होऊन पुन्हा आतच पडते, त्यामुळे तिथे उडून जाण्याला आणखी कमी वाव असतो. शिवाय उरले किती, हा आपला प्रश्नच नाही. जी वस्तू घालायचीच नाही, तिचे मोजमाप कशाला?

रफिक चाचा: म्हणूनच म्हणतो, झाकण उघडू नये.

सलमा चाची (महाड): तुम्ही सगळे एवढे शिकलेले, आणि आंबटपणासाठी बाटली शोधता? दर सुट्टीत येथून किलोकिलोने आमसुले घेऊन जाता, ती काय कपाटात शोभेला ठेवता? एक किलो मांसाला तीन-चार आमसुले शेवटच्या तासात टाकावीत, आणि मीठ नंतर घालावे, कारण आमसुले स्वतःच खारट असतात. चिंचेचा कोळ घातला तरी चालतो. डाळिंबाचा रस घातला तर रंगही वाइनसारखा गडद येतो, पण तो गोड असतो, म्हणून सोबत लिंबू पिळावे.

शबाना: चाची, हे उत्तम सुचवलेत, आणि तेही कोणाला न टोचता. पुढच्या रविवारी आमसुलेच घालेन.

हुस्ना फुफी: टोचण्याचा आरोप माझ्यावर आहे, हे मला समजले. तरीही क्यूबविषयी बोलते, कारण इथल्या मुलांना वाटते की गोश्त हलाल दुकानातून आणले की काम झाले. साध्या दुकानातल्या बीफ क्यूबमध्ये गुरांची चरबी आणि अर्क असतो आणि तो कोणत्या जनावराचा, कसा जब्ह (विधिवत कापलेला) केलेला, हे वेष्टनावर कुठेही नसते. शबानाच्या क्यूबवर शिक्का होता, ठीक आहे. परंतु आमच्या अम्मीने आयुष्यात कधी क्यूब आणला नाही. खाटकाकडून हाडांच्या नळ्या आणून त्यांचाच रस्सा काढला.

शबाना: फुफी, नळ्यांचे मी आनंदाने करते, परंतु ते नोकरी सांभाळून आदल्या रात्रीच होऊ शकते. नळ्या अर्धा तास ओव्हनमध्ये भाजून, कांदा, गाजर, तमालपत्र आणि काळी मिरी घालून रात्रभर त्याच स्लो कुकरमध्ये ठेवल्या तर सकाळी गाळलेला रस्सा थंड झाल्यावर चक्क थरथरतो. तो थरथरणारा रस्सा पाहिल्यावर क्यूबची आठवण येत नाही, हे मीही कबूल करते.

रफिक चाचा: झाकण न उघडता केला असेल तरच तसा होतो.

इम्रान दूल्हाभाई: आता कृतीचेही बोलूया का? गेल्या रविवारी काही बोटी धाग्यांसारख्या सुटल्या होत्या आणि तरीही कोरड्या होत्या. अम्मी म्हणाल्या की मांस शिळे होते. मला तसे वाटले नाही.

हुस्ना फुफी: मी "शिळे" म्हटले नव्हते, "ताजे नव्हते की काय" असे विचारले होते.

शबाना: मांस त्याच सकाळी आणले होते. दुकानात त्या दिवशी पिंढरीचे संपले होते, म्हणून मांडीचे चरबी नसलेले घ्यावे लागले, आणि सर्व गोंधळ तिथे झाला. स्लो कुकरला खांद्याचे किंवा पिंढरीचे मांस हवे. त्यांच्यात पांढऱ्या पडद्यांच्या आणि शिरांच्या रूपात कोलॅजन भरपूर असते. साधारण ७० अंशांच्या वर ते तासन्‌तास हळूहळू वितळून त्याचे जिलेटिन होते, आणि त्यामुळेच बोटी मऊ आणि रस्सा दाट लागतो. मांडीच्या मांसात वितळायला काही नसते. ते केवळ वाळत जाते. महाग मांस येथे वाया जाते, एवढेच.

झोया: म्हणजे जिलेटिन शेवटी आलेच. 😄

हुस्ना फुफी: झोया, हा थट्टेचा विषय नाही.

मास्टर चाचा: थोडे विषयांतर करतो, परंतु उपयोगाचे आहे. हे यंत्र ज्याने घडवले तो अर्व्हिंग नॅक्सन अमेरिकेतील ज्यू होता. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवता येत नाही, म्हणून लिथुआनियाकडील ज्यू शुक्रवारी मांस, कडधान्य आणि बटाट्याचे भांडे गावच्या भट्टीत ठेवत आणि ते शनिवारी काढून खात. त्या पदार्थाचे नाव चोलंट. घरात ऐकलेल्या त्या गोष्टीवरून त्याने विजेवर चालणारे भांडे बनवले, त्याला १९४० मध्ये पेटंट मिळाले, आणि पुढे १९७१ पासून ते 'क्रॉक-पॉट' या नावाने घरोघरी गेले. आपल्या जुन्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातील शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे बेने इस्रायल ज्यू तुम्ही ऐकून आहात. त्यांचेच हे दूरचे धर्मबंधू. तेव्हा वाइनशिवाय मंद आचेवर मांस शिजवणे ही काही आपण काढलेली पळवाट नव्हे. या भांड्याचा जन्मच धर्माची चौकट सांभाळून जेवण्यासाठी झाला.

सलमा चाची: आता यांना कोणी थांबवू नका, महाडमध्ये वीज गेली आहे आणि पंखाही बंद आहे. माझे सांगते. आमच्याकडे स्लो कुकर चालवणे कठीण, कारण मधेच वीज गेली तर मांस कोमट राहते. २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे येथे मिळते ते म्हशीचे. ते जास्त तांबडे, कमी चरबीचे आणि चिवट असते, म्हणून मी दही न लावता कच्ची पपई थोडी चोळते, बोटी भाजून घेते आणि जाड बुडाच्या हंडीत कणकेने झाकण लावून तीन-साडेतीन तास मंद ठेवते. घाई असेल तर प्रेशर कुकरमध्ये पाऊण तास. चव मात्र हंडीचीच.

मास्टर चाचा: आणि कृपया येथील छायाचित्रे गटाबाहेर कोणी पाठवू नयेत. गैरसमज पसरायला वेळ लागत नाही आणि ते निस्तरायला मात्र आम्ही येथे असतो.

यासीन: समजले, चाचा. येत्या रविवारचा मुद्दा वेळेचा आहे. सेहरीनंतर पाच वाजता कुकर लावून झोपावे आणि साडेपाचच्या इफ्तारला उघडावे, असे मी सुचवले होते.

शबाना: आणि मी नकार दिला होता, तो येथे सर्वांसमोर पुन्हा देते. 'लो'वर आठ ते नऊ तास पुरेसे असतात. बारा तासांत बटाट्याचा लगदा होईल आणि बोटीचे सूत. सकाळी साडेआठला लावेन.

इम्रान दूल्हाभाई: प्लगला टायमर लावला तर? सर्व साहित्य पहाटे भरून ठेवावे आणि साडेआठला तो आपोआप सुरू व्हावा.

यासीन: ते करू नये. कच्चे मांस तीन-चार तास घराच्या उबेत पडून राहील. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू भराभर वाढतात आणि स्लो कुकर त्या टप्प्यातून आधीच हळू वर चढतो. त्याच कारणाने गोठलेले मांस थेट घालायचे नाही आणि भांडे अर्ध्यापेक्षा कमी किंवा दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरायचे नाही.

रफिक चाचा: आणि झाकण

मास्टर चाचा: रफिक, वाक्य पूर्ण करावे किंवा करू नये, परंतु अर्धवट ठेवू नये.

रफिक चाचा: आणि झाकण उघडू नये, भाईजान.

झोया: शबाना भाभी, मलाही वसतिगृहात करायचा आहे, म्हणून कृपया सलग लिहून द्याल का?

शबाना: लिहिते. एक किलो पिंढरीच्या मांसाचे चार सेंटिमीटरचे तुकडे पुसून कोरडे कर, दोन चमचे मैदा आणि मिरपूड लाव, आणि कढईत थोडे थोडे घालून खरपूस तपकिरी कर. एकदम सगळे टाकलेस तर त्यांना पाणी सुटेल आणि ते भाजण्याऐवजी उकडतील. त्याच कढईत दोन कांदे आणि लसूण परत, दोन चमचे टोमॅटो प्युरी परतून घे, मग थोडा रस्सा ओतून तळाला चिकटलेले सर्व खरवडून काढ, कारण खरी चव तिथे असते. कुकरच्या तळाशी बटाटे आणि गाजर, वर मांस. कंदभाज्या येथे मांसापेक्षा सावकाश शिजतात, हे नवख्यांना खरे वाटत नाही. तमालपत्र, थाइम, आणि अर्धा लिटर गरम रस्सा. पाणी आटत नसल्यामुळे एवढेच पुरते. नेहमीच्या सालनाइतके ओतलेस तर सूप होईल. 'लो'वर आठ तास. शेवटच्या तासात आमसुले, आणि अर्धा तास उरला की मटार व पाण्यात कालवलेला चमचाभर कॉर्नफ्लोअर. राजमा घालणार असशील तर तो भिजवून, आधी वेगळ्या पाण्यात दहा मिनिटे खळखळून उकळ. कच्चा राजमा मंद आचेवर शिजवणे विषारी ठरते.

रफिक चाचा: आमसुले आणि मटार घालताना झाकण उघडावे लागेल. दोनदा.

यासीन: ते वैध कारण आहे, चाचा. फतवा हवा असल्यास मास्टर चाचांकडे अर्ज करावा.

हुस्ना फुफी: रोजा असताना मीठ कोण पाहणार, हे कोणीच लिहिले नाही. गेल्या वेळी कमी होते.

इम्रान दूल्हाभाई: मला नेमके लागले होते.

मास्टर चाचा: रांधणाऱ्याला गरज असेल तर जिभेच्या टोकाला लावून, न गिळता थुंकून टाकता येते, त्याने रोजा तुटत नाही. परंतु ज्याला धास्ती वाटते त्याने मीठ कमीच घालावे आणि टेबलावर मीठदाणी ठेवावी.

हुस्ना फुफी: ठीक आहे. मग नळ्या मी आणते. आमच्या खाटकाकडच्या, कारण तो त्या मधोमध कापून देतो. शनिवारी दुपारी पोहोचवते, म्हणजे रात्रभर ठेवता येतील. कोणाची हरकत आहे का?

शबाना: हरकत कशी असेल, फुफी? ओव्हन तापवून ठेवते. वेष्टनासह आणावे, म्हणजे मीही वाचून घेईन.

यासीन: उरलेल्या स्ट्यूबद्दल एक सूचना : तो दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून थंड करावा आणि दुसऱ्या दिवशी गॅसवर उकळी आणून गरम करावा, स्लो कुकरमध्ये पुन्हा गरम करू नये. डबे ज्याचे त्याने आणावेत. गेल्या वेळी आमचे चार डबे लेस्टरला गेले, ते अजून परतलेले नाहीत.

हुस्ना फुफी: दोन रफिककडे आहेत.

रफिक चाचा: माझ्याकडे फक्त झाकणे आहेत.