आरशासमोरची वाक्यं आणि वचन एकच आहेत का?

शब्बाथशाळा_बाई

परवा एका दादांनी इथे लिहिलं होतं: रोज सकाळी आरशासमोर उभं राहून "मी निरोगी आहे, मी श्रीमंत आहे, मी जिंकलो आहे" असं एकवीस वेळा म्हणा. आजाराचं नाव तोंडातून काढू नका, काढलंत की तो अंगाला चिकटतो. आधार म्हणून बायबलमधलं नीतिसूत्रे 18:21 दिलं होतं, मरण आणि जीवन जिभेच्या हाती आहे. खाली आमेनची रांग. तेव्हा गप्प बसले, पण दोन रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तो अख्खा अध्याय वाचा हो. त्यात चहाडखोराचे शब्द आहेत, समोरच्याचं ऐकून न घेता उत्तर देणारा मूर्ख आहे, वादात पहिली बाजू मांडणारा खरा वाटतो हे आहे. माझी जीभ शेजाऱ्याचं काय करते, याबद्दल ते बोलतंय. मी स्वतःला निरोगी म्हटलं की निरोगी होईन, असं तिथे कुठेही नाही. ही युक्ती आली कुठून ते सांगते. एमिल कुए नावाचे एक फ्रेंच औषधविक्रेते होते. "दिवसेंदिवस मी सर्व बाजूंनी सुधारत आहे" हे वाक्य रोज सकाळ-संध्याकाळ वीस वेळा म्हणा, असं ते सांगायचे, आणि 1920 च्या दशकात युरोप-अमेरिकेत त्याचं केवढं वेड होतं. पुढे नॉर्मन व्हिन्सेंट पील या न्यूयॉर्कच्या पाळकांनी 1952 च्या पुस्तकात सकारात्मक विचार आणि बायबलची वचनं एकत्र बांधली. आपल्याकडे ते फिरून आलंय आणि आपण त्याला वचन म्हणतोय.

माझ्या मोठ्या बहिणीला शुगर. पायाला जखम झाली होती. त्याच सुमारास एका प्रार्थनासभेत तिला सांगितलं, "मला शुगर आहे" म्हणायचं नाही, "मी बरी झाले आहे" एवढंच म्हणायचं. अक्कानं ते मनापासून पाळलं. ऐन एप्रिलात, सोलापूरच्या उन्हात, पायात मोजे घालायला लागली. विचारलं तर म्हणायची, "बरी झालेय गं." वास यायला लागला तेव्हा घरात कळलं. गुडघ्याखालून पाय काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "माझा विश्वास कुठं कमी पडला गं?"

दुखतंय म्हणणं ज्या शिकवणुकीत अविश्वास ठरतो, तिला मी ख्रिस्ती शिकवण म्हणणार नाही. शास्त्रात दुखतंय म्हणणारी माणसं पानोपानी आहेत. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं. प्रेषित पौलानं शरीरातला काटा, म्हणजे छळणारं दुखणं, काढ म्हणून देवाला तीनदा विनवलं, काटा निघाला नाही. "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी होता का?

टॉवेल_माग

ताई, ती पोस्ट माझी. नाव घेतलं नाही म्हणून मला कळणार नाही असं वाटलं काय? अक्कांचं वाचून वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण मी कुणाला औषध बंद करा म्हटलेलं नाही. एकदाही नाही.

आता माझं ऐका. वडील मिलमध्ये होते, मिल बंद पडली. मी अकरावी सोडून यंत्रमागावर. लॉकडाऊनमध्ये माग बंद, सुताच्या व्यापाऱ्याचं देणं अंगावर, लाईटबिल थकलेलं. एका रात्री कंबर तलावाच्या काठावर जाऊन बसलो होतो. कशाला बसलो होतो ते इथं लिहीत नाही. तिथं आईनं लहानपणी पाठ करून घेतलेलं फिलिप्पै 4:13, सामर्थ्य देणाऱ्याचं वचन, तोंडात आलं. तेच म्हणत घरी आलो. माग सुरू झाले तेव्हा खटखटीवर ठेका धरून दिवसभर तेच म्हणायचो. आज चार माग चालतात.

तुम्ही कुए आणि न्यूयॉर्क सांगायलात. मी जिवंत आहे ते सांगायलो. कुठलं मोठं?

समुपदेशक_सातरस्ता

मी ख्रिस्ती नाही, पण हेच माझं रोजचं काम आहे म्हणून लिहिते. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोअॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2009 चा अभ्यास आहे. "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे" हे वाक्य लोकांना पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांना स्वतःबद्दल आधीच बरं वाटत होतं त्यांना थोडा फायदा झाला, ज्यांना स्वतःबद्दल वाईट वाटत होतं त्यांना आणखी वाईट वाटलं. आतून कुणीतरी म्हणतं, खोटं बोलतोस. म्हणजे ज्याला गरज जास्त त्यालाच हे लागू पडत नाही.

दादा, तुम्हाला लागू पडलं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण तुम्ही "मी श्रीमंत आहे" म्हणत नव्हतात. तुम्हाला सामर्थ्य देणारा कुणी आहे, असं म्हणत होतात. माझ्या खुर्चीवरून बघता त्या रात्री तुम्ही एकटे राहिला नाहीत, हे सगळ्यात महत्त्वाचं.

पेटीवाले_काका

बाईंचं शंभर टक्के बरोबर. पण मूळ दुखणं कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. हे सगळं गाण्यांतून शिरलं. नारायण वामन टिळकांची भजनं घ्या. माणूस देवापुढे उभा आहे, रडतोय, मागतोय, "तू" म्हणतोय. गेल्या रविवारी उपासनेत काय गायलं? मी विजयी, मी मुक्त, मी राजा. पेटी-तबला कोपऱ्यात, वर कापड टाकून. चाळीस वर्षं मी ती पेटी वाजवली. आणि तेच तेच म्हणत राहणं प्रभूनं स्वतः मना केलंय, मत्तय 6:7. परराष्ट्रीयांसारखी व्यर्थ बडबड नको.

कीबोर्ड_विजापूररोड

काका, गेल्या रविवारी वाजवणारा मीच होतो, तेव्हा तोंडावर बोला. तुमच्या काळातली गाणी चालू होती तेव्हा मागच्या बाकांवर किती पोरं असायची? माझ्या वर्गातले निम्मे तुमच्या एका बोलण्यामुळे गेले, "पँट फाटलेली घालून देवाच्या घरात येऊ नका." मी "मी मुक्त आहे" गातो, कारण घरी रोज दारू बघतो. मला ते गावं लागतं. पेटीवर कापड मी टाकलं, धूळ बसू नये म्हणून.

पूर्वभाग_अम्मा

तुम्ही सगळे मराठी उपासनेबद्दलच बोलता. आमच्या पूर्व भागात बाया दिवसभर विड्या वळतात आणि सूप मांडीवर घेऊन तेलुगूत गातात. कुणाच्या गाण्यात किती "मी" आहेत हे मोजायला वेळ नसतो. सोलापूरची मंडळी म्हटलं की आम्ही कधी मोजलेच जात नाही. संयुक्त सभेत आमचं एक गाणं घेतात, तेही शेवटी, लोक चपला शोधत असतात तेव्हा. बाईंच्या बहिणीचं वाचून मात्र जीव कळवळला. आमच्या गल्लीतही असंच एकीला सांगितलेलं. तिला आम्ही बायांनी उचलून रिक्षात घातलं आणि सिव्हिलला नेलं.

पेटीवाले_काका

फाटक्या पँटचं मी बोललो होतो हे कबूल. त्याबद्दल वाईट वाटतं. पण गाण्यांबद्दल एक शब्द मागे घेणार नाही. वय झालं म्हणून ऐकून घ्यायचं का? तुमच्या पिढीला दुःख गाताच येत नाही, म्हणून दुःख आलं की आरसा लागतो!

पंढरीचा_वाटसरू

मी तुमच्यातला नाही, माळकरी आहे, पंढरपूर तालुक्यातला. पण काकांनी बडबड म्हटलं ते लागलं. आमची आजी दिवसाला हजारदा विठ्ठल म्हणायची. ती बडबड होती काय? तिनं "मी श्रीमंत आहे" असं कधी म्हटलं नाही. तिच्या जिभेवर नाव त्याचं होतं, स्वतःचं नव्हतं. आणि काका, ज्या टिळकांचं नाव घेता, ते स्वतः सांगत की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. पुलावरून आलात तर पुलाला लाथ मारू नका.

पेटीवाले_काका

माऊली, तुमच्या आजींना मी बडबड म्हटलं नव्हतं. पण वाक्य तसंच निघालं खरं. माफ करा. टिळकांचं तुम्ही सांगितलंत ते मला ठाऊक आहे आणि ते खरं आहे. "व्यर्थ" या शब्दावर जोर द्यायला हवा होता.

टॉवेल_माग

गाण्यांचं चालू द्या, पण मला बाईंकडून उत्तर पाहिजे. मी वचनच म्हणत होतो असं तुम्ही आता म्हणाल. मग आरशात म्हटलं तर पाप कसं?

शब्बाथशाळा_बाई

दादा, पाप म्हटलेलं नाही. उत्तर देते.

तुमचं वचन मराठीत कसं आहे बघा: "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे." आपल्या भाषेत देणारा आधी येतो, "मी" नंतर. गाड्यांवरच्या स्टिकरवर नुसता मागचा तुकडा असतो, मी सर्वकाही करू शकतो. आणि पौलानं हे तुरुंगातून लिहिलंय. त्याच्या आधीच्याच ओळींत तो सांगतो, विपुलतेत राहायला शिकलो, उपाशी राहायलाही शिकलो. त्या "सर्वकाही"मध्ये उपाशी राहणंसुद्धा आलं. तुम्ही तलावावरून घरी आलात ते या वचनावर, आरशातल्या वाक्यावर नाही.

पुण्याला जाताना आपली गाडी केडगाववरून जाते. तिथे पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून बायबल साध्या बायांना कळेल अशा मराठीत आणलं. आई-वडील दुष्काळात गेले, नवरा लग्नानंतर दोन वर्षांत गेला, 1921 मध्ये एकुलती मनोरमा गेली, आणि 1922 मध्ये त्या स्वतः गेल्या. शेवटपर्यंत भाषांतराचं काम चालू होतं. त्या बाईला कुणी सांगणार आहे का, की तुमची जीभ चुकली म्हणून मुलगी गेली? तुमच्या पोस्टमधली "आजार चिकटतो" ही एक ओळ तेच सांगते. माझं भांडण त्या ओळीशी आहे.

एक मात्र मला मान्य करावं लागतंय, आणि ते मला जड जातंय. स्तोत्र 42 काल रात्री पुन्हा वाचलं. "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" तो स्वतःशीच बोलतोय. तेच वाक्य पुढे परत येतं आणि 43 मध्ये आणखी एकदा. म्हणजे स्वतःला पुन्हा पुन्हा बजावणं शास्त्रात आहे. मी पहिल्या पोस्टमध्ये ते उडवून लावलं, ते चुकलं. पण तो जिवाला "तू खिन्न नाहीस" असं खोटं सांगत नाही. खिन्न आहेस, आता देवाची आशा धर, असं म्हणतो.

समुपदेशक_सातरस्ता

हे स्तोत्र मला माहीत नव्हतं. आधी दुःखाचं नाव घ्यायचं आणि मग पुढचं पाऊल. आम्हीही याच क्रमानं जातो.

कीबोर्ड_विजापूररोड

काका, 42 ला जुनी चाल आहे का तुमच्याकडे? असेल तर पाठवा. वाजवीन की नाही ते ऐकून ठरवतो.

पेटीवाले_काका

आहे. पण मोबाईलवर नाही. ती समोर बसून शिकावी लागते. शनिवारी सहाला ये.

टॉवेल_माग

ताई, "चिकटतो"वाली ओळ काढली. अक्कांच्या मोज्यांचं वाचल्यावर ती ठेवायची हिंमत झाली नाही. खाली लिहिलंय, औषध घ्या, दुखलं तर सांगा.

पण "मी श्रीमंत आहे" काढणार नाही. ते माझ्यासाठी नाहीच. माझी पोरगी पाचवीत आहे. फी थकली म्हणून वर्गात सगळ्यांसमोर उभं केलं होतं तिला. ती सकाळी वेणी घालताना आरशात ते म्हणते आणि मग दप्तर उचलते. तिला जाऊन काय सांगू, पौल उपाशी राहायला शिकला म्हणून?

शब्बाथशाळा_बाई

नको, तिला काही सांगू नका. म्हणू दे तिला. यावर माझ्याकडे आत्ता उत्तर नाही दादा. वर्गात उभं केलं ते मात्र मनातून जाईना. फी किती थकली आहे ते मला वेगळं कळवा.