डाकोटा उडतं, मग पॅकेट का नाही? – एका वर्गणीला विरोध

लोहगावकर

कट्ट्यावर काल उंचभरारी यांनी हवाई दलाच्या डाकोटा, पॅकेट (सी-११९), अ‍ॅव्हरो या जुन्या मालवाहू विमानांबद्दल लिहिलं ते थोडक्यात असं: ‘डाकोटा २०१८ मध्ये उडत भारतात आलं, मग पॅकेट का नाही? लोकवर्गणी काढू आणि एक पॅकेट उडतं करू. तेवढं नाही जमलं तर निवृत्त झालेलं एकेक मालवाहू विमान जिल्ह्याच्या ठिकाणी चौकात चढवा. आता अ‍ॅव्हरोही निघतीलच. इतिहास जपणं म्हणतात ते हेच.’ खाली नुसता टाळ्यांचा पाऊस. मी दोन ओळी लिहायला बसलो, त्या आटपेनात, म्हणून हा वेगळा धागा.

आधी डाकोटाबद्दल. व्हीपी ९०५ म्हणून जे विमान आपण छाती फुगवून दाखवतो ते १९४७ चं विमान नाहीच. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनला घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा क्रमांक त्याच्यावर रंगवलाय, एवढंच. मूळ यंत्र इंग्लंडमधलं. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते स्वतःच्या पैशाने घेतलं, कारण त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हवाई दलात डाकोटा चालवायचे. कॉव्हेंट्रीला दुरुस्त करून घेतलं आणि भेट देऊ केलं. अँटनी संरक्षणमंत्री असताना ती भेट नाकारली गेली, पर्रीकर संरक्षणमंत्री झाल्यावर होकार मिळाला. मला त्या विमानाचं कौतुकच आहे. पण आपल्या स्वतःच्या डाकोटांचं आपण काय केलं, याचा तो पुरावा आहे.

आता पॅकेट. डाकोटा दहा हजारांवर बनली, जगभर अजून उडतात, सुटे भाग मिळतात, हात लावणारे मिस्त्री मिळतात. सी-११९ उणीपुरी बाराशेसुद्धा बनली नाहीत. आणि आपलं पॅकेट म्हणजे नुसतं सी-११९ नव्हे. पाठीवर ऑर्फियस जेट बसवलेलं, नॅट या लढाऊ विमानात असायचं तेच इंजिन. लडाखच्या विरळ हवेत पिस्टन इंजिनांचा दम जातो, एक बंद पडलं तर दुसऱ्याच्या जिवावर उंची टिकत नाही, म्हणून हे तिसरं. ते कोणी बसवलं, कसं बसवलं, पहिल्या चाचणीला काय झालं, उतरताना ते कधी चालू करायचे, हा इतिहास आहे. २३ जुलै १९६२ ला स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीला पॅकेट उतरवलं, साडेसोळा हजार फुटांच्याही वर. २०१३ मध्ये सी-१३० हे मालवाहू विमान तिथे उतरलं तेव्हा वाहिन्यांनी दिवसभर आरडाओरडा केला, त्यात राजेंचं नाव मी तरी ऐकलं नाही.

वर्गणी काढायचीच असेल तर लॉगबुकं गोळा करायला काढा. जे वैमानिक, नॅव्हिगेटर, फिटर हयात आहेत त्यांच्या घरी जाऊन बोलणं रेकॉर्ड करा. बहुतेक आता म्हातारे झालेत. विमान थांबेल, ही माणसं थांबणार नाहीत.

उंचभरारी

वर्गणी म्हणजे वर्गणी. तुमच्या खिशात कोणी हात घातलेला नाही.

आणि एक सांगा. २०२१ च्या प्रजासत्ताक दिनाला ते डाकोटा दोन एमआय-१७ हेलिकॉप्टरांच्या मध्ये उडत गेलं. माझा भाचा, जो मोबाइलमधून मान वर काढत नाही, त्याने विचारलं, “मामा, हे पंख्याचं विमान कुठलं?” पुढचा तासभर आम्ही आताच्या बांगलादेशातलं टांगाइल, ११ डिसेंबर १९७१, छत्रीधारी सैनिक, पॅकेट, कॅरिबू यांवर बोलत होतो. तुमच्या लॉगबुकाकडे बघून कुठल्या पोराने काय विचारलंय? ‘इंग्लंडमधलं यंत्र, रंगवलेला क्रमांक’ ही असली कीस काढायची हौस पुण्यातच असते.

खारेदाणे

राजे म्हणजे आपलाच मराठी माणूस की! एवढी मोठी गोष्ट शाळेच्या पुस्तकात का नाही? मुद्दाम गाळली जाते. दिल्लीवाल्यांना आपलं कौतुक कधी होतं?

लोहगावकर

खारेदाणे, आडनावावरून माणूस आपला करू नका. मला त्यांचं मूळ गाव ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. त्यांनी विमान उतरवलं ते पुरे आहे.

दर्यावर्दी_मालवण

विमानाचा सोडा ओ. ‘विराट’ निवतीक येतली म्हणान ढोल वाजवल्यानी. २०१८ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी, ८५२ कोटींचा प्रकल्प, म्युझियम काय, हॉटेल काय. आणि बोट गेली खंय? अलंगाक, भंगारात. जे सरकार एवढी मोठी युद्धनौका सांभाळू शकत नाही ते तुमच्या पॅकेटला उभं करणार? वर्गणी काढा नाहीतर यज्ञ करा.

दारुखाना_नाका

विराटचं काय घेऊन बसलात? ‘विक्रांत’ आमच्या डोळ्यांदेखत तोडली. १९७१ ला पूर्वेच्या समुद्रात जिने नाकेबंदी केली ती नौका. २००१ ते २०१२ मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, शाळेतून आम्हाला नेलं होतं. मग म्हणे हल (बोटीचा बाहेरचा सांगाडा) धोकादायक झाला. न्यायालयात याचिका झाल्या, काही उपयोग नाही. साठ कोटींच्या आसपास विकली आणि २०१४ च्या शेवटी दारुखान्यात तोडायला घेतली. मुंबईसारख्या शहराला साठ कोटी जड झाले! एका उड्डाणपुलाच्या रंगरंगोटीत जातात तेवढे.

सुसाट_१५०

तोडली म्हणून रडता, पण त्याच पोलादाची गाडी माझ्या दारात उभी आहे. बजाजने २०१६ मध्ये काढली, टाकीत विक्रांतचं लोखंड आहे. रोज तिच्यावरून कामाला जातो. लायन गेटसमोरच्या त्या स्मारकापाशी किती लोक थांबतात? माझी गाडी रोज सिग्नलला लोक विचारतात. याला म्हणतात जिवंत इतिहास.

दारुखाना_नाका

वा. म्हणजे आजोबांच्या पगडीचं पायपुसणं करायचं आणि वर सांगायचं की बघा, रोज वापरात आहे.

सुसाट_१५०

तोंड सांभाळून बोला. तुम्ही विक्रांतसाठी काय केलंत? याचिका तुम्ही केली होती का? मी निदान स्वतःचे पैसे घातले.

दारुखाना_नाका

पैसे तुम्ही गाडीसाठी घातलेत, देशावर उपकार केल्यासारखं सांगू नका. उद्या रायगडाच्या दगडांच्या फरशा करून कोणी विकल्या तर त्याही बसवाल न्हाणीघरात आणि म्हणाल जिवंत इतिहास.

खारेदाणे

रायगड कशाला मध्ये आणताय?? शब्द मागे घ्या.

दर्यावर्दी_मालवण

भांडू नका. आता ‘गुलदार’ दिली आहे पर्यटन महामंडळाला, निवतीच्या समुद्रात बुडवून पाण्याखालचं म्युझियम करणार. लँडिंग शिप होती, रणगाडे नि माणसं वाहायची, म्हणजे धाग्याच्या विषयात बसतं, मालवाहूच की. तरंगती ठेवायला जमली नाही, निदान बुडवायला तरी जमेल.

लोहगावकर

धागा पॅकेटवर आहे. कृपया.

दारुखाना_नाका

पॅकेट काय नि विक्रांत काय, दुखणं तेच आहे साहेब. तुम्हाला तुमच्या विमानापुरतं बोलायचं असेल तर घरच्या वहीत लिहा.

सार्जंट_निवृत्त

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज राहवलं नाही. उडतं पॅकेट वगैरे कल्पना ज्यांनी राइट ३३५० इंजिनाखाली कधी हात घातलेला नाही त्यांच्या असतात. अठरा सिलिंडर, आणि तेल गळत नसेल तर समजायचं की तेल संपलंय. त्या काळी कोठारभर सुटे भाग आणि शेकडो हात होते, तरी आम्ही मेटाकुटीला यायचो. लेहला सकाळीच जायचं, ऊन चढलं की हवा आणखी पातळ होते आणि वारा सुटतो, म्हणजे आमची पहाट रात्री दोनला. विमानात केबिनला दाब नाही, सगळे ऑक्सिजनच्या नळ्या लावून बसलेले. हे वर्गणीत बसवणार आहात का?

पण लोहगावकर, तुम्हीही जास्त हवेत आहात. लॉगबुकात काय असतं ते मला ठाऊक आहे. तारीख, विमानाचा क्रमांक, कुठून कुठे, किती तास. खरं काय घडलं ते त्यात नसतं. आणि अधिकारी स्वतःबद्दल लिहून ठेवतात, पुस्तकंही काढतात. आम्हा लोकांचं कोण लिहितो?

आणखी एक. ७ फेब्रुवारी १९६८ ला एक एएन-१२ मालवाहू विमान चंदीगडहून लेहला निघालं ते परत आलं नाही. १०२ जण होते. २००३ मध्ये गिर्यारोहकांना रोहतांगच्या बाजूला हिमनदीत अवशेष दिसले. २०२४ मध्येसुद्धा त्यातले चार देह मिळाले. छप्पन वर्षांनी. मालवाहू विमानांचा इतिहास कोणी जपलाय म्हणाल तर बर्फाने. बाकी चौकातली विमानं राजकारण्यांच्या फ्लेक्सला टेकू म्हणून बरी.

उंचभरारी

सार्जंटसाहेब, तुमच्याबद्दल आदर आहे, पण तुम्ही माझ्याच बाजूचा मुद्दा मांडलात. कागदावर खरं नसतं म्हणता, मग उरलं काय? यंत्रच ना? विशाखापट्टणमला समुद्रकिनारी नौदलाचं टीयू-१४२ विमान ठेवलंय, आत शिरून बघता येतं, रोज गर्दी असते. तिथे जाऊन बघा आणि मग सांगा लोकांना इतिहास नको असतो म्हणून.

लोहगावकर

विशाखापट्टणमचं उदाहरण बरोबर आहे, देतो तुम्हाला तेवढे गुण. पण ते का जमलं बघा. २०१७ च्या मार्चमध्ये विमान सेवेतून निघालं आणि वर्ष संपायच्या आत संग्रहालय उघडलं. यंत्र ताजं, चालवणारी माणसं ताजी, सामान जागेवर. पॅकेट ऐंशीच्या दशकात गेलं. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक उघड्यावर उभं आहे, ऊनपाऊस खातंय. तुमच्या चौकातल्या विमानाचं काय होतं तेही सांगतो. इंजिन काढून घेतात, खिडक्यांवर रंग मारतात, पोटात कबुतरं, आणि पाटीवर नाव चुकीचं. आमच्या शहराजवळ अशा एका विमानाच्या पाटीवर दुसऱ्याच विमानाची माहिती कित्येक वर्षं होती. पत्र लिहिलं, उत्तर नाही.

गोव्यात बोगमाळोला जाऊन सुपर कॉन्स्टेलेशन बघा. एअर इंडियाची ‘रानी ऑफ एलोरा’, म्हणजे आपल्या वेरूळचं नाव लावून प्रवासी नेणारं विमान. मग हवाई दलाकडे आलं, आमच्या लोहगावच्या ६ नंबर स्क्वाड्रनमध्ये ही विमानं होती, १९७६ मध्ये नौदलाकडे गेली. एका यंत्राची तीन आयुष्यं, आणि लोक पंखाखाली सेल्फी काढून बीचवर जातात. यंत्र आहे, गोष्ट नाही.

सुसाट_१५०

मग गोष्ट सांगणारा माणूस ठेवा तिथे. पगार द्या. प्रश्न मिटला.

नीलाक्षी

इथे सगळे वैमानिक नि मंत्री चाललेत, म्हणून लिहिते. माझे बाबा पॅकेटवर एअरफ्रेम फिटर होते, मूळचे साताऱ्याकडचे. लहानपणी आम्हाला बाबांची ओळख वासावरून होती. हायड्रॉलिक तेल आणि शेळ्या. हो, शेळ्या. लडाखला ताजं मटण जायचं ते जिवंत, विमानातून. परत आल्यावर पोट धुऊन काढायचं काम फिटर लोकांच्या माथी. बाबा म्हणायचे, युद्धात शौर्यपदक मिळतं, शेळ्यांच्या लेंड्या काढल्याबद्दल काही मिळत नाही.

त्यांनी वह्या लिहिल्यात. कुठला बोल्ट कुठे कायम सैल व्हायचा, जेट पॅकच्या झाकणातून पाणी कुठे शिरायचं, लडाखमधल्या थॉइस तळावर अडकून पडले तेव्हा काय खाल्लं, कुठल्या साहेबाने दिवाळीला मिठाई आणली. आई गेल्यावर मी त्या रद्दीतून ओढून काढल्या. एका सरकारी कार्यालयात विचारलं, म्हणाले अधिकाऱ्यांचे कागद असतील तर बघू. आता सांगा, चौकातल्या विमानात या वह्या कुठे ठेवू? आणि लोहगावकर, तुमच्या लॉगबुकांच्या यादीत बाबांचं नाव तरी कुठल्या रकान्यात येईल?

दारुखाना_नाका

ताई, जबरदस्त. बाकीच्यांनी जरा गप्प बसा. (मीसुद्धा.)

लोहगावकर

नीलाक्षी ताई, फिटर मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिले होते, एवढं फक्त नोंदवतो. पण रकान्याचा प्रश्न बरोबर आहे. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये धोरण काढलं की युद्धांचे नि मोहिमांचे कागद साधारण २५ वर्षांनी खुले करायचे आणि तपासून राष्ट्रीय अभिलेखागारात द्यायचे. त्यात येतात ते सरकारी कागद. घरच्या वह्यांचं तिथे काही नाही, आणि पॅकेटबद्दलचं सगळ्यांत कामाचं त्याच वह्यांत आहे. विमान जसंच्या तसं उभं करायचं झालं तरी कुठला बोल्ट सैल व्हायचा हे ठाऊक असलेला कागद हाच.

उंचभरारी

म्हणजे शेवटी विमान उभं करायचंय हे मान्य. आभारी आहे, इतक्या पोस्टी लागल्या.

बरं, चौकाचं सोडतो. सार्जंटसाहेबांच्या तेलापुढे उडवण्याचंही सोडतो, तूर्त. पण पालमच्या पॅकेटवर छप्पर हवं, आतून उघडं हवं, आणि नीलाक्षीताईंच्या बाबांची वही त्याच्या पोटात काचेखाली, शेळ्यांसकट. याला वर्गणी द्याल का नाही? हो की नाही तेवढं लिहा, निबंध नको.

लोहगावकर

छपराला देईन. उडवायला एक पैसा देणार नाही.

दर्यावर्दी_मालवण

हवाई दलाच्या जागेत तुम्ही वर्गणीचं छप्पर घालणार? परवानगीची फाइल पुरी होईस्तोवर आम्ही सगळे गुलदारबरोबर पाण्याखाली असू.

नीलाक्षी

मूळ वह्या मी कुणालाही देणार नाही, काचेखालीही नाही. स्कॅन करून देते. पण पानं मोडकी आहेत नि अर्धे शब्द मलाही लागत नाहीत.

सार्जंट_निवृत्त

फिटरचं अक्षर आणि आमच्या सर्व्हिसचे शॉर्टफॉर्म इथे कोणालाच लागायचे नाहीत. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, एकेक पान पाठवा, मी उलगडून टाइप करतो. फक्त लवकर पाठवा, मोतीबिंदूचं दुसरं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. आणि त्यात माझ्या साहेबांबद्दल वाईट काही असेल तर तेही टाइप करणार, आधीच सांगून ठेवतो.